आजाऱ्याच्या खाटेपाशी ल्यूथरन पाळकांनी या चुका टाळाव्यात

पाळकसाहेब आले की घरच्यांना वाटतं, आता साहेब काहीतरी समजावून सांगतील. पहिली चूक इथेच होते. "यात देवाची काहीतरी योजना असेल" असं तोंडून निघून जातं आणि रिपोर्ट हातात धरून बसलेली बाई मान हलवून गप्प होते. 1518 साली हायडेलबर्गला मांडलेल्या सिद्धांतांत ज्याच्या नावाने ल्यूथरन पंथ ओळखला जातो त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं म्हणणं होतं की, क्रुसाकडे पाहून देवाविषयी बोलणारा जे जसं आहे तसंच म्हणतो. दुखणं वाईट आहे, तर वाईटच म्हणावं. ते का आलं हे पाळकाला ठाऊक नसतं. ख्रिस्ताने काय देऊ केलंय हे ठाऊक असतं, आणि तेच पोचवायला तो गेलेला असतो.

नियमशास्त्र (देव काय मागतो) कुठे आणि शुभवर्तमान (देव काय देतो) कुठे, यातली गल्लत सगळ्यात महागात पडते. अपराधाने खचलेल्याला "प्रार्थना वाढवा, विश्वास घट्ट धरा" असं सांगितलं की त्याच्यावर आणखी एक काम लादलं जातं. उलट भावाची जमीन बळकावून "माझं कुणाशी काही नाही" म्हणणाऱ्याला लगेच दिलासा दिला, तर तो आहे तिथेच राहतो. म्हणून आधी ऐका. खुर्ची ओढून आजाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर बसा, खाटेवर नको. "रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात काय येतं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. पंधरा-वीस मिनिटांत उठा. आजारी माणूस दमतो, पण तसं सांगत नाही.

पापांगीकाराच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगायचं राहून जातं. सुनेसमोर सासू काय बोलणार? तपशील खोदून काढू नका: 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचं, म्हणजे ल्यूथरन विश्वासाच्या मूळ निवेदनाचं, अकरावं कलम खासगी पापक्षमा टिकवायला सांगतं, पण प्रत्येक पाप मोजून सांगण्याची सक्ती करत नाही. ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, पाळक विचारतो, "माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे, असा तुमचा विश्वास आहे का?" हा प्रश्न गाळू नका आणि क्षमा "देव तुम्हाला क्षमा करो" अशी इच्छेच्या सुरात सांगू नका. "मी तुमच्या पापांची क्षमा करतो" असं नाव घेऊन, स्पष्ट म्हणा. तिथे ऐकलेलं मंडळीच्या प्रार्थनेतही येता कामा नये.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देण्याआधी, नर्सला दोन गोष्टी विचारा: रुग्णाला तोंडाने काही द्यायची परवानगी आहे का, आणि गिळता येतं का. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्याला भाकर दिली तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं. पक्षाघातात घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. डॉक्टर हो म्हणाले तर वेफरचा नखाएवढा तुकडा द्राक्षारसात बुडवून द्या. नाही म्हणाले तर आग्रह नको. पापक्षमेचं वचन आणि आशीर्वाद द्या, त्यात काही कमी पडत नाही. द्राक्षारसात मद्य असतं, म्हणून दारूसोबत न चालणारं मेट्रोनिडाझोलसारखं औषध चालू असेल किंवा माणसाने दारू सोडलेली असेल तर आधीच विचारून घ्या. ऑक्सिजन लावलेला असताना मेणबत्ती अजिबात पेटवू नका. "हे माझं शरीर आहे" ही ख्रिस्ताची स्थापनेची वचनं रुग्णाला ऐकू जातील अशी, त्याच्याजवळ बसूनच म्हणा.

मुंबईतल्या तेलुगू किंवा तमिळ ल्यूथरन घरांत आणखी एक चूक होते: आजीसाठी इंग्रजीत प्रार्थना. म्हातारपणी, ग्लानीत, माणूस बालपणीच्या भाषेकडे वळतो. ती भाषा येत नसेल तर प्रभूची प्रार्थना नातवाला म्हणायला सांगा.

मरणासन्न माणूस बोलत नाही म्हणजे ऐकत नाही, असं धरून चालू नका. त्याच्यासमोर अंत्यविधीची बोलणी नकोत. कानाजवळ, सावकाश, त्याला पाठ असलेलंच म्हणा: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", प्रेषितांचा मतांगीकार. नवीन उपदेशाची ती वेळ नव्हे.

आणि पाळकाला शेवटच्या तासाला बोलावण्याची सवय मंडळीनेही सोडायला हवी. 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा ल्यूथर आणि तिथले पाळक बुगेनहागेन गावातच राहिले. त्या वेळच्या लेखात ल्यूथरने बजावलंय की, आजार बळावण्याआधी, माणूस शुद्धीवर असतानाच पाळकाला निरोप धाडा. म्हणून दाखल करण्याची तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करायला घरोघरी सांगून ठेवा.