यूपीव्हीसी खिडकीवर रंग सांडलाय? थिनरची बाटली आधी बाजूला ठेवा

नागपुरात यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या, खिडकीच्या फ्रेमवर रंग सांडायचे दोन हंगाम. एक दिवाळीच्या आधीचा, तेव्हा भिंतीचा इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, ओघळतो. दुसरा मार्चमधला, कूलर बाहेर निघतो, त्याच्या स्टँडला चंदेरी ऑइलपेंट मारला जातो आणि चार थेंब खिडकीवर पडतात. डाग दोन्हीकडे सारखेच दिसतात, काढायची पद्धत मात्र वेगळी आहे. निम्मे घोळ इथेच होतात, कारण डाग कशाचा आहे हे न बघताच बहुतेक जण घासायला बसतात.

पेंटरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “काही होत नाही जी, थिनरनं दोन मिनिटांत निघते.” निघतो, खोटं नाही. पण थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी द्रावकं असतात आणि ती पीव्हीसीलाही मऊ करतात. पीव्हीसी पाइप जोडायचं सोल्युशनही याच जातीची द्रावकं वापरून प्लास्टिक विरघळवतं, म्हणून तर सांधा पक्का बसतो. पांढऱ्या फ्रेमवर थिनर फिरवला की त्या क्षणी ती स्वच्छ दिसते. मग चमक उडते, पृष्ठभाग किंचित चिकट होतो आणि त्यावर धूळ बसून राखाडी चट्टा तयार होतो. हा चट्टा धुऊन जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचीही हीच गत, त्यात बहुधा अ‍ॅसिटोनच असतं.

लाकडी डिझाइनच्या फ्रेमचं दुखणं आणखी मोठं. ते डिझाइन म्हणजे प्रोफाइलवर (फ्रेमच्या प्लास्टिक पट्टीवर) चिकटवलेली फिल्म, जाडी साधारण 0.2 मिलिमीटर. सागवानाच्या रेषा तिच्यावर छापलेल्या असतात. थिनरचा बोळा फिरवला की कापडावर तपकिरी रंग येतो, तो सांडलेल्या रंगाचा नसून तुमच्या खिडकीचा असतो. म्हणून काहीही लावताना कापड पांढरंच घ्या. त्यावर फ्रेमचा रंग दिसला की तिथेच थांबा. पहिली चाचणी नेहमी पल्ला बंद केल्यावर झाकल्या जाणाऱ्या कडेवर करा.

आता डाग ओळखायचा कसा? मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, कापसावर थोडं घेऊन डागावर मिनिटभर धरा. कापसाला रंग लागला, डाग रबरासारखा मऊ झाला तर तो इमल्शन. मग काम सोपं आहे. उभ्या फ्रेमवर स्पिरिट ओघळून जातं, त्यापेक्षा हात धुवायचं जेल सॅनिटायझर बरं, ते जागेवर टिकतं. मिनिट-दोन मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच ढकला, लगेच ओल्या फडक्याने पुसा. एका दमात निघत नसेल तर पुन्हा लावा, पण अर्धा तास भिजवून ठेवू नका, वरच्या थराला बारीक तडे जाऊ शकतात. लाकडी रेषांत अडकलेला रंग मऊ टूथब्रशने, रेषेच्या दिशेनेच. आणि स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे शेजारी देवघरातली समई किंवा गॅस चालू नको.

स्पिरिटने काहीच हललं नाही तर तो ऑइलपेंट समजा. ओला असेल तर कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. काचेभोवतीच्या काळ्या रबराला मात्र ते लागू देऊ नका, रबर फुगून सैल पडतं. रॉकेलचंही तेच. सुकलेला ऑइलपेंट टर्पेंटाइनला दाद देत नाही. तिथे कोमट पाण्याचं फडकं आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन चिकाटीने एक-एक थेंब उचलावा लागतो. खिडकी बसवणाऱ्याकडे यूपीव्हीसी क्लीनर मिळतो, पण त्यातला तीव्र प्रकार साध्या पांढऱ्या प्रोफाइलसाठी असतो. तुमची फ्रेम फिल्मची असेल तर तसं सांगूनच मागा.

डिस्टेंपर पाण्याने जातो, त्यावर वेळ घालवायला नको. पुट्टी आधी भिजू द्या, मग काढा. कोरडी घासली तर तिचे कण ओरखडे पाडतात.

पॉलिश पेपर, तारेची घासणी, ब्लेड ही तिन्ही हत्यारं या कामात वर्ज्य. हीट गनही नको. यूपीव्हीसी साधारण 75 ते 80 अंशांनाच मऊ पडू लागतं आणि हीट गनची हवा कित्येक शे अंशांची असते. रंग सुटायच्या आधी फ्रेम वाकेल.

मे महिन्यात तर दुपारी हे काम काढूच नका. पश्चिमेकडच्या गडद फ्रेमला त्या वेळी हात लावता येत नाही. स्पिरिट लावताक्षणी उडून जातं, रंग मऊ होतच नाही, मग माणूस चिडून जोर लावतो आणि तापलेल्या फिल्मची कड उचकटते. सकाळी सातला सुरू केलेलं बरं. मास्किंग टेपचंही असंच: पेंटर गेल्यावर आठवडाभर उन्हात राहिली तर कागद फाटून येतो आणि डिंक फ्रेमवर राहतो. रंग हाताला लागेनासा झाला की त्याच दिवशी टेप काढा.

थिनरने आधीच चट्टा पडला असेल, तर साध्या पांढऱ्या फ्रेमवर बारीक पॉलिशिंग कंपाउंडने थोडी चमक परत येते. फिल्मवर ते चोळू नका, रेषाच पुसल्या जातील. तिथे खिडकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून टच-अप पेन आणून डाग झाकणं एवढंच हातात उरतं.

आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही: खालच्या ट्रॅकमधली पाणी निघायची भोकं. रंग आणि पुट्टी तिथे जाऊन बसते आणि जूनच्या पहिल्या सरीत पाणी सरळ खोलीत येतं. उदबत्तीच्या काडीने भोकं मोकळी करा, मग ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. बाहेरच्या बाजूने धार लागली नाही, तर अजून आत काहीतरी अडकलंय.