पहिली डॉक्युमेंट्री करताय? या चुका टाळा (आम्ही सगळ्या केल्यात)

डॉक्युमेंट्रीत सगळ्यात महाग पडणारी चूक कॅमेऱ्याची नसते, तोंडाची असते. मी पहिली फिल्म माझ्या मावशीवर केली, काका अंथरुणाला खिळलेले आणि ती नऊ वर्षं एकटीच त्यांचं सगळं करत होती. मी विचारलं, कधी कंटाळा नाही का गं आला? म्हणाली, "नाही रे, आपलंच माणूस." आणि गप्प बसली. हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली, परत मोडली. मी त्या शांततेला घाबरलो आणि कॅमेऱ्यामागून बोललो, "हो ना, खरंय." झालं, ती हसली, उठली, विषय संपला. एडिटला बसलो तेव्हा कळलं की अख्ख्या फिल्ममध्ये खरं काही असेल तर तो टॉवेल, आणि नेमका त्याच्यावर माझा आवाज!

तर उत्तर संपलंय असं वाटलं की मनात दहा आकडे मोजा. मान हलवा, डोळ्यांनी ऐका, पण "हं", "अच्छा", "बरोबर" काही नको. समोरचा माणूस बहुतेक वेळा त्या दहा आकड्यांतच खरं बोलतो. आणि तुमचा प्रश्न कापायचा असेल तर आधीच सांगून ठेवा की उत्तर पूर्ण वाक्यात द्या, नाहीतर "हो, तेव्हापासूनच" असली शेंडा ना बुडखा उत्तरं हातात राहतात. तसं झालंच असेल तर लाजू नका, स्वतःचा प्रश्न राहू द्या फिल्ममध्ये, प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी चूक म्हणजे मुद्दा आधी ठरवायचा आणि मग त्यात बसेल असा माणूस शोधत फिरायचं. "व्यसनावर करायचीय, एखादी पीडित बाई मिळेल का?" अशी सुरुवात झाली की ती बाई हसली, भांडली, नवऱ्याची बाजू घेतली की तुम्ही मनातल्या मनात ते फुटेज कचऱ्यात टाकता, कारण ते मुद्द्यात बसत नाही. खरं तर फिल्म तिथेच असते. 'हूप ड्रीम्स' (१९९४) बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांवरची अर्ध्या तासाची छोटी फिल्म म्हणून सुरू झाली होती, पुढे सुमारे पाच वर्षं शूट चाललं, २५० तासांच्या आसपास फुटेज जमलं आणि फिल्म झाली जवळपास तीन तासांची, कारण करणारे पोरांच्या आयुष्यामागे गेले. आपल्याकडे तेवढा वेळ नसतो, कबूल, पण एका दिवसात तीन इंटरव्ह्यू उरकण्यापेक्षा एकाच घरी तीन वेळा जा.

"जरा परत एकदा दारातून आत या ना" हा मोह सगळ्यांनाच होतो. 'नॅनुक ऑफ द नॉर्थ' या बर्फाळ प्रदेशातल्या लोकांवरच्या डॉक्युमेंट्रीपासून (१९२२) चालत आलंय हे, तिथे इग्लूच्या, म्हणजे बर्फाच्या घराच्या, आत उजेड पुरेना म्हणून एक बाजू उघडी ठेवलेला इग्लू बांधला होता. दारातून परत या म्हणणं ठीक आहे हो, पण परत रडा म्हणणं नाही. प्रसंग पुन्हा उभा केला असेल तर तो तसा आहे हे फिल्ममध्ये कळू द्या.

आता साऊंड, कारण हलणारं चित्र लोक चालवून घेतात, खरखरणारा आवाज नाही. इंटरव्ह्यूआधी फ्रीज बंद करा आणि गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना परत चालू करायचं विसरणार नाही (हसू नका, भारी उपाय आहे). कॉलर माईक गळ्यातल्या दागिन्याला घासतोय का ते हेडफोन लावून ऐका. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटमध्ये कट लपवायला तोच लागतो. खरखर कमी करणारं नॉईज रिडक्शन फुल करू नका, माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

मोबाईलवर शूट केलं आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या पुढेमागे सरकतोय? बहुतेक फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, शूटभर एकसारखा राहिलेला नाही; हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो कॉन्स्टंट करून घ्या, मग एडिटच्या टाइमलाइनवर आणा. आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर स्पीड बघा (एक फ्रेम सेकंदाचा कितवा भाग उजेड घेते तो आकडा): वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० ची असेल तर १/६०.

दुःखी पियानो लावू नका. बस, याच्यावर अजून काय बोलणार.

ओळख लपवायची असेल तेव्हा नुसता चेहरा ब्लर करून लोक मोकळे होतात. अरे, त्या माणसाचा आवाज, हातावरचं गोंदण, खिडकीबाहेरची बिल्डिंग, चालण्याची ढब, ओळखीच्याला यातलं एकच पुरतं. पिच बदललेला (जाड किंवा बारीक केलेला) आवाज पुन्हा मूळपदावर आणता येऊ शकतो, त्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्याकडून बोलून घ्या. मोबाईलच्या मूळ फाइलमध्ये लोकेशनही असू शकतं, ती फाइल कुणाला पाठवताना भान ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे शूट करतानाच पाठमोरं किंवा नुसते हात घ्या.

आणि परवानगी. शूटच्या दिवशी कागदावर सही घेतली की काम झालं असं आपल्याला वाटतं, पण सही करताना त्या माणसाला फिल्म म्हणजे काय होणारे याचा अंदाजच नसतो. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, दाखवा, एकट्याला, घरी, नातेवाईक गोळा न करता. फिल्म कशी कापायची हे त्यांनी ठरवावं असं मी म्हणत नाही, पण कशामुळे त्यांना उद्या त्रास होईल हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी मावशीला लॅपटॉपवर दाखवली. मला खात्री होती, रडतानाचा शॉट काढ म्हणेल. तो तिने नुसता बघितला. काकांचे कपडे बदलतानाचा शॉट आला तेव्हा म्हणाली, "थांबव. यांना विचारलंयस का?"

नव्हतं विचारलं. सही फक्त तिची होती.