एका पिशवीत तीन डॉक्टरांच्या गोळ्या: या चुका टाळा

आमच्या सोलापुरातल्या मेडिकलवर पूर्व भागातल्या एक अक्का दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. मागच्या उन्हाळ्यात सहज म्हटलं, अक्का घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या एकदा घेऊन या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चादरीच्या दुकानाची पिशवी काउंटरवर उपडी केली. चौदा पाकिटं. बीपी-शुगरची एका डॉक्टरची, गुडघ्याची हाडाच्या डॉक्टरची, आणि काही शेजारणीनं "मला गुण आला, तू पण घे" म्हणून दिलेली. त्यात टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, दोनदा! एक कंपनीच्या नावाची, एक जनऔषधी केंद्रातली. पाकीट वेगळं, रंग वेगळा, मग अक्का एक सकाळी घ्यायच्या, एक रात्री. आणि उठलं की चक्कर यायलीय म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडनं चक्करची गोळी आणलेली.

तिघांपैकी एकानंही चुकीचं लिहिलं नव्हतं बरं का, फक्त तिघांनी एकमेकांची चिठ्ठी बघितली नव्हती. काउंटरवर बसून मला रोज हेच दिसतं, गोळी वाईट नसते, तिच्या शेजारी दुसरी कुठली बसलीय ते कुणाला माहीत नसतं.

म्हणून पहिली गोष्ट, मोठ्या अक्षरातलं नाव बघू नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते बघा. आणि सुट्ट्या चार गोळ्या घेताना आम्ही कात्री मारतो तेव्हा नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर जातं, घरी गेल्यावर नुसता चांदीचा कागद उरतो. तुकड्यावर नाव लिहून द्या म्हणा, आम्हाला राग येत नाही (आला तरी म्हणा).

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो अंगदुखीच्या गोळीचा. ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून सविस्तर सांगतो. मे महिना, पारा त्रेचाळीसच्या आसपास, ओळखीचे एक काका आले, कंबर धरलीय म्हणाले. चिठ्ठी नव्हती, तरी ओळखीवर मी डायक्लोफेनॅकच्या दहा गोळ्या दिल्या. बीपीचं विचारलंच नाही. त्यांना टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त करणारी गोळी असं जोडीत चालू होतं. पाच-सहा दिवसांनी पायावर सूज, लघवी कमी, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं, ॲडमिट करावं लागलं. वेळेत गेले म्हणून निभावलं, पण मला बरेच दिवस झोप लागली नाही.

होतं काय, किडनीत रक्त गाळायला प्रेशर लागतं, आणि प्रेशर म्हणजे काय ते नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या सोलापूरकरांना मी काय शिकवणार. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या किडनीत रक्त आत येणारी नळी आवळतात, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या बाहेर जाणारी नळी सैल सोडतात, आणि लघवीची गोळी मुळात अंगातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकदम आलं, वर उन्हात घाम गेलेला नाहीतर जुलाब लागलेले, की गाळणं बसतं. म्हणून बीपीची गोळी चालू असेल तर अंगदुखीला मनानं काही घेऊ नका, आधी विचारा. आणि उलटी-जुलाब सुरू झाले तर बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून डॉक्टरला विचारा, मनानं बंद पण करू नका.

मग साधं पॅरासिटामॉल तरी बिनधास्त घेऊ ना, असं विचारतात. घ्या, पण मोजा. तापाची ६५० ची गोळी चार वेळा म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा ५०० चं पॅरासिटामॉल लपलेलं असतं, ती तीनदा म्हणजे १५००. झाले ४१००. वर अंगदुखीची कॉम्बिनेशन गोळी दोनदा, त्यात ३२५ चं, म्हणजे आणखी ६५०. धडधाकट माणसाला दिवसाची हद्द ४००० ची आहे, रोज पिणाऱ्याला आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्याला त्याहून बरीच कमी. तीन वेगवेगळी पाकिटं, आणि माणसाला वाटतं मी तर एकेकच घेतली की! सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन पण असतं, त्यानं बीपी चढू शकतं, ते वेगळंच.

व्हॉट्सॲपवर एक फिरतंय, कोलेस्ट्रॉलची गोळी चालू असेल तर द्राक्षं खाऊ नका. गेल्या सीझनला एका काकांनी नान्नजची द्राक्षं घरात आणू दिली नाहीत यापायी. अहो, ते ग्रेपफ्रूट आहे, द्राक्ष नव्हे! ते मोसंबी-संत्र्याच्या खानदानातलं कडसर फळ, आपल्या पपनसाचं भावंड, आणि पपनसातही तोच प्रकार असतो. हे सापडलं पण गमतीनं. कॅनडात डेव्हिड बेली फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते, दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं निघालं. १९८९ ची गोष्ट. आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम असतं, ते हा रस बंद पाडतो. सिम्व्हास्टॅटिन, ॲटॉर्व्हास्टॅटिन या कोलेस्ट्रॉलच्या गोळ्यावाल्यांनी तेवढं पपनस जपून, द्राक्षं खा. शुगर असेल तर मोजून खा, पण त्याचं कारण वेगळं.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेऊ नका, उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, नंतर अर्धा-एक तास काही नको, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. "डोस वाढवला तरी टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खाली येईना" म्हणणाऱ्या बऱ्याच बायकांचं कॅल्शियम सकाळीच चालू असतं. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक दुधाबरोबर नको, औषध कॅल्शियमला चिकटून बसतं आणि अंगात नीट उतरतच नाही.

हे फार कुणाला माहीत नाही, दम्याला थिओफिलिन चालू असलेला माणूस बिडी सोडतो तेव्हा रक्तात थिओफिलिन वाढतं. धुरामुळं लिव्हर ते औषध भराभर मोडत असते, धूर थांबला की मोडणं मंदावतं, डोस मात्र तोच. मग मळमळ, धडधड, झोप नाही, आणि लोक म्हणतात बिडी सोडली म्हणून त्रास झाला, परत ओढा. आपल्या शहरात बिड्या वळणारी घरं किती, ओढणारे किती, हे सांगायलाच हवं. बिडी सोडाच, फक्त डॉक्टरला सांगून सोडा म्हणजे ते डोस कमी करतील.

आणि आवाज बारीक करून "ती गोळी द्या" म्हणणाऱ्यांसाठी. सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, घेतली असेल तर छातीतल्या दुखण्याची जिभेखालची नायट्रेटची गोळी २४ तास चालत नाही, त्याच जातीच्या टॅडालाफिलला ४८ तास. बीपी इतकं कोसळतं की जिवावर बेतू शकतं. छातीत दुखायला लागलं तर आधी दवाखाना गाठा, आणि तिथं बायको बाजूला उभी असली तरी सांगून टाका.

काढ्याचं पण सांगत जा. "आयुर्वेदिकच आहे" म्हणून कुणी बोलत नाही, पण जेष्ठमध रोज घेतलं की पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, आणि शुगरच्या गोळीवर कारल्याचा रस चढवला तर शुगर एकदम खाली येऊ शकते.

नवीन गोळीनंतर काही नवीन त्रास सुरू झाला तर दोन्हीच्या तारखा लिहून ठेवा, डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो. शौचाला काळं होणं, तोंड सुजणं, दम लागणं, लघवी बंद होणं, यात वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी. औषधाचा दुष्परिणाम कळवायला सरकारचा टोल फ्री नंबर पण आहे, १८००-१८०-३०२४.

अक्कांची पिशवी त्यांच्या डॉक्टरनं बघितली, चौदाच्या नऊ झाल्या, चक्करची गोळी सुटली कारण चक्करच सुटली. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा विचारलं, अक्का बंद केलेल्या गोळ्यांचं काय केलं? म्हणाल्या, "टाकायच्या कशाला, शेजारणीला दिल्या की."