‘ऑफ’ म्हणजे नेहमीच बंद नव्हे

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांना घर, बँक, सिमकार्ड यांची माहिती कुठेही मिळते. मी लिहितोय ते ‘ऑफ’ या एका शब्दाबद्दल, कारण तो आपल्याला येतो अशी आपली खात्री असते. ‘लाइट ऑफ कर’ म्हणतच आपण मोठे झालो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. ‘द फायर अलार्म हॅज गॉन ऑफ’ म्हणजे अलार्म वाजू लागलाय. तो बंद पडलेला नाही! हे वाक्य ऐकून निवांत परत खुर्चीत बसलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. बॅग, कोट, लॅपटॉप सगळं राहू द्या, जिन्याने बाहेर पडा. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले. दूध ‘गॉन ऑफ’ म्हणजे नासलं. आणि एखाद्या गोष्टीवरून कुणी ‘गॉन ऑफ’ असेल, तर ती त्याच्या मनातून उतरली.

या शब्दाच्या मुळाशी ‘दूर, सुटून’ असा अर्थ आहे. तो धरला की बरंच उलगडतं. क्रिकेटमधली ऑफ साइड म्हणजे फलंदाजाच्या पायांपासून दूरची बाजू. गाडीलाही ऑफसाइड असते. घोड्याला डावीकडून हाताळायचे, म्हणून डावी बाजू जवळची आणि उजवी ऑफसाइड. आज इथे ऑफसाइड म्हणजे चालकाची बाजू. एमओटीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का या तपासणीच्या कागदावर ‘ऑफसाइड फ्रंट टायर’ खराब असं लिहिलं असेल, तर पुढचा उजवा टायर बघा.

दुसरा इशारा औषधांचा. डॉक्टर म्हणाले, ‘वी विल टेक यू ऑफ दीज टॅब्लेट्स’, तर त्या गोळ्या थांबवायच्या आहेत. घाईत कानावर ‘टेक’ आणि ‘टॅब्लेट्स’ एवढंच पडतं आणि माणूस गोळ्या घेतच राहतो. एकदम थांबवायच्या की हळूहळू कमी करायच्या, हे तिथेच विचारून घ्या. आपल्यातले भलेभले शिकलेले लोक न कळताही मान डोलावतात, ती सवय मला फार धोक्याची वाटते. पुन्हा विचारलं म्हणून इथे कुणी हसत नाही.

डॉक्टरांनी ‘साइन्ड ऑफ वर्क’ केलं तर आजारपणाची रजा. मॅनेजरने कागद ‘साइन ऑफ’ केला तर मंजुरी. ‘लेड ऑफ’ ऐकून मात्र लगेच हादरू नका: अमेरिकेत त्याचा अर्थ बहुधा नोकरी गेली असा होतो, ब्रिटनच्या कामगार कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. कायमची कपात असेल तर ‘रिडन्डन्सी’ हा शब्द येतो. पत्रात नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

‘दॅट वॉज अ बिट ऑफ’ असं तुमच्या वागण्याबद्दल कुणी म्हणालं, तर ते मनावर घ्या. इथली माणसं नाराजी हळू आवाजात सांगतात. ‘अ बिट’ने फसू नका, समोरचा खरोखर दुखावलेला असू शकतो.

उच्चाराचंही बघा. ‘कप ऑफ टी’मधला शब्द एका एफचा (of) आहे, आपला ‘ऑफ’ दोन एफचा (off). त्या एका एफच्या शब्दात शेवटी ‘व्ह’ येतो, ‘फ’ नाही. जुन्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकच होते, आता वेगळे आहेत.

पत्ता ‘जस्ट ऑफ द हाय स्ट्रीट’ असा सांगितला, तर त्या रस्त्यावर दारांचे नंबर शोधू नका. घर बाजूला फुटणाऱ्या गल्लीत असतं.