बाहेरगावाहून नागपुरात आलात? लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा असा तयार करा

गाडी चालवायच्या लायसन्ससाठी डोमिसाईल, म्हणजे अधिवासाचं प्रमाणपत्र, लागत नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून शिकायला किंवा मिहानच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीला आलेल्यांनी दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्याआधी एवढं पक्कं लक्षात घ्यावं. डोमिसाईलला राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ऑटोरिक्षाच्या परमिटसाठी ते मागतात, पण परमिट वेगळं आणि स्वतःची गाडी चालवायचं लायसन्स वेगळं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून तुम्ही ज्या राज्यात राहता किंवा कामधंदा करता, त्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओत अर्ज करता येतो. गाडी जिथे शिकलात ते ड्रायव्हिंग स्कूल त्या राज्यात असेल तरी चालतं. जन्म कुठला, मूळ गाव कुठलं, हा प्रश्नच येत नाही. सिद्ध करायचा तो फक्त पत्ता.

गावाकडचं लायसन्स आधीच असेल तर नवीन काढूच नका. कोणत्याही राज्याचं लायसन्स देशभर चालतं आणि एका माणसाला दोन लायसन्स ठेवता येत नाहीत. तुम्हाला हवा तो पत्ताबदल, आणि त्याचा अर्ज लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवरच होतो. जुनं पुस्तकी लायसन्स ऑनलाइन दिसत नसेल, तर ज्या आरटीओने ते दिलं तिथून आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद, करून घ्या. त्याशिवाय नागपुरातला अर्ज पुढे सरकणार नाही.

आता पुरावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 4 मध्ये आधार, पासपोर्ट, मतदार यादीतली नोंद, एलआयसीची पॉलिसी आणि सरकारी कार्यालयाची पगारपावती ही कागदपत्रं येतात. महावितरणचं बिल जोडीला ठेवा, पण एकट्या बिलावर भिस्त ठेवू नका. भाड्याच्या घरात ते बहुधा घरमालकाच्या, कधी तर त्याच्याही आधीच्या मालकाच्या नावावर असतं. शाळेचा दाखला वयासाठी कामाचा, पत्त्यासाठी नाही.

सर्वांत सोयीचं अर्थातच आधार. लर्निंग लायसन्सची परीक्षा घरी बसून द्यायची असेल तर आधार ईकेवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणी, करावी लागते, आणि त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता थेट आधारवरून उचलला जातो. तो फॉर्ममध्ये हाताने बदलता येत नाही. म्हणून आधारवर अजून गावाकडचा पत्ता असेल तर आधी तो बदला, मगच सारथीवर जा. आधारला मोबाइल जोडलेला आहे का तेही आधी बघा. ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आधारवर नागपूरचा पत्ता चढवायचे सोयीचे मार्ग तीन. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर उत्तम. नुसता नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद बऱ्याच घरमालकांना पुरेसा वाटतो, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. शहरात नोंदणी शुल्क 1000 रुपये, ग्रामीण भागात 500. लिव्ह अँड लायसन्स म्हणतात त्या भाडेकराराचं मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के. खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवलीत तर घरमालकाला राजी करणं सोपं जातं. करारात तुमचं नाव आधारवर आहे अक्षरशः तसंच लिहून घ्या.

दुसरा मार्ग आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलाकडे राहणाऱ्यांचा. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरचा पत्ता तुम्हाला घेता येतो. तुम्ही ऑनलाइन विनंती टाकायची आणि त्याने स्वतःच्या लॉगिनमधून 30 दिवसांत मंजूर करायची. तो विसरला की विनंती बाद आणि भरलेले पैसेही गेले.

तिसरा मार्ग होस्टेलवाल्यांचा: आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेचे प्रमुख, आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी ते देऊ शकतात. हा कागद नीट तपासून घ्या, कारण तो फेटाळला जातो तो क्षुल्लक चुकांपायी. मजकूर कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप केलेला नको, नमुन्याचाच फॉर्म हवा. फोटोवर सही आणि शिक्का असा हवा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल. तारीख राहिलेली नको, खाडाखोड नको. तारखेपासून तीन महिनेच तो चालतो.

काहीच जमत नसेल तर त्याच नियम 4 मध्ये प्रतिज्ञापत्राची सोय आहे. ते नोटरी, कार्यकारी दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर करायचं. त्यात सध्याचा पूर्ण पत्ता, तिथे कधीपासून राहता आणि यादीतलं एकही कागदपत्र का देता येत नाही, हे स्पष्ट लिहा. कारण पटलं तरच अधिकारी ते स्वीकारतात, त्यामुळे कॉलेजचं ओळखपत्र, नेमणूकपत्र असं जे असेल ते सोबत न्या. ओळखीच्याचा खोटा पत्ता मात्र टाकू नका. दिशाभूल करून मिळवलेलं लायसन्स कलम 19 खाली रद्द होऊ शकतं.

सारथीवर राज्य महाराष्ट्रच निवडा. ईकेवायसी नको असेल तर आधारविना अर्जाचा पर्याय घ्या, कागदपत्रं अपलोड करा आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ प्रती घेऊन आरटीओत जा. नागपुरात कार्यालयं तीन आहेत, शहर एमएच 31, ग्रामीण एमएच 40 आणि पूर्व नागपूर एमएच 49. अपॉइंटमेंटच्या पावतीवर कोणतं नाव आहे ते वाचूनच निघा, नाहीतर ग्रामीणचा अर्ज घेऊन गिरीपेठेतल्या शहर कार्यालयात उभे राहाल.

सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता यांचे रकाने वेगळे आहेत. कायमच्यात गाव लिहायला हरकत नाही. सध्याच्यात प्लॉट नंबर, लेआउटचं नाव आणि पिनकोड पुराव्याप्रमाणेच लिहा. पुराव्यावर फक्त 'हनुमान मंदिराजवळ' असेल आणि प्लॉट नंबर नसेल, तर आधी पुरावाच दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र बरोबर ठेवावं, कारण शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या, इथेच अर्ज अडतो.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. तोवर रूम बदलणार असाल तर पत्ता आधी बदला. कार्ड स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. दाराला कुलूप दिसलं की ते आरटीओकडे परत जातं, आणि ओळखपत्र घेऊन ते तुम्हालाच आणावं लागतं.