पडक्या वाड्यात परसबाग: आधी पाणी, मग रोपं

लातूर, बीड किंवा जालन्याच्या जुन्या वस्तीतला पडका वाडा ताब्यात आला की माणसं आधी रोपवाटिका गाठतात. तिथं शेवटी जायचं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं पहिला हिशेब पाण्याचा. त्याहीआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढून वारसांची नावं तपासा. भावकीतल्या एकाचीही हरकत असेल तर विटेला हात लावू नका.

साफसफाई उन्हाळ्यात उरका. वेडी बाभूळ नुसती तोडली तर पावसात दुपटीनं फुटते, म्हणून बुंधा जमिनीखाली फूटभर उकरून काढा. भिंतीतला पिंपळ मात्र हिसकायचा नाही. जाड मुळाबरोबर दगड सुटतात. वरून छाटा, गवंड्याकडून तेवढी जागा उकलून मूळ काढा आणि फट एक भाग चुना, तीन भाग वाळूनं भरा. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि भिंतीचे पोपडे सुटतात.

आता छत. १००० चौरस फूट पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती वजा जाता साधारण ४४,००० लिटर पाणी हाती लागतं. पन्हाळीपासून ४ इंची पाइप खाली आणा. पहिल्या पावसाचं किमान १०० लिटर पाणी धूळ आणि पाखरांच्या विष्ठेसह बाहेर सोडा. पुढचं पाणी २०० लिटरच्या ड्रममधून गाळा: तळाला गोटे, मध्ये खडी, वर वाळू. वाळू दरवर्षी मृगाआधी धुवायची, नाहीतर ड्रम तुंबून पाणी भिंतीत मुरतं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पाणी गढूळ येतं, ते थेट झाडांच्या आळ्यात जाऊ द्या. आणि माळवदावर कुंड्या अजिबात नकोत. भिजलेल्या मातीचं ओझं जुन्या तुळया पेलत नाहीत.

परसात आड असेल तर गाळलेलं पाणी त्यात सोडा, तोंडावर जाळी बसवा, डासांसाठी गप्पी मासे टाका. गाळ उपसायला घरच्या कुणी उतरू नये. आत सोडलेला कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असं मुळीच नाही. विषारी वायू असला तरी तो जळत राहू शकतो. हे काम यंत्रानं हवा खेळवणाऱ्या सराईत माणसांचंच.

पडझडीची माती चुन्यानं भरलेली असते आणि आपली काळी माती मुळातच चुनखडीकडे झुकलेली. अशा जागी लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नुसतं शेणखत वाढवून ती लवकर जात नाही. त्यामुळं राडारोडा उचलून फूटभर उंच, चार फूट रुंद वाफे करा: दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत, अर्धी पाटी भरड वाळू. निव्वळ काळी माती चैत्रात भेगाळते आणि मुळं तोडते. शेणखत पुरतं कुजलेलं हवं, कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते.

वाफ्यावर सोयाबीनचा भुस्सा किंवा उसाचं पाचट चार इंच अंथरा. मात्र लाकडी खांबांपासून तीन फूट लांबच, कारण ओल्या पाचटाखालून वाळवी सरळ खांबात शिरते.

मोरीचं पाणी आधी चरबी अडवणाऱ्या टाकीत, मग खडी भरून कर्दळ लावलेल्या चरात सोडा. चर सहा फूट लांब, दोन फूट खोल पुरतो. त्यातून येणारं पाणी केळी-पपईला द्या, मेथी-पालकाला नको. दिवसभराहून जास्त साठवलं की वास मारतं.

झाडं पावसाळ्याच्या तोंडावर, भिंतीपासून दहा फूट सोडून लावा: सीताफळ, शेवगा, कढीपत्ता. भेंडी-गवार जूनमध्ये, मेथी-पालक ऑक्टोबरात. एप्रिल-मे महिन्यांत नवीन काही पेरू नका. वाफ्यांवर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणून आहे तेवढं तगवा.