वाळू तळाशी बसत होती आणि मी पॉलिमर वाढवत होतो

जार टेस्ट (जारमधल्या पाण्यात रसायनं ढवळून योग्य डोस शोधायची चाचणी) तुम्हाला येते असं धरून लिहितोय. बारीक वाळूचं वजन लावून फ्लॉक (गढूळ कणांचे एकत्र आलेले पुंजके) तळाशी बसवणाऱ्या पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर नव्याने लागला असाल, तर कॉलेजातली एक सवय आधी सोडा: फ्लॉक्युलेशन (फ्लॉक मोठे करणं) म्हणजे हळू ढवळणं. माझे त्यात दोन आठवडे गेले.

नेहमीप्रमाणे अ‍ॅलम (तुरटी) टाकून जोरात ढवळलं, वाळू टाकली, पॉलिमर (कण एकमेकांना बांधणारं रसायन) दिलं आणि पॅडल ३० आरपीएमवर आणलं. फ्लॉक टपोरे झाले, पण स्टिरर थांबवल्यावर लवकर खाली येईनात. वाटलं, पॉलिमर कमी पडतंय. डोस वाढवला, पुन्हा वाढवला. शेवटी एका जुन्या ऑपरेटरने जार उचलून तळ दाखवला: सगळी वाळू तिथे, स्वच्छ, सुटी. फ्लॉकमध्ये ती गेलीच नव्हती.

क्वार्ट्झ वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, अ‍ॅलमचा फ्लॉक मात्र पाण्याहून जेमतेम जड. घनतेतल्या या फरकामुळेच वाळू धरलेला फ्लॉक झपाट्याने बसतो. पण सुटी वाळूही तेवढीच घाईत असते. १०० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण ८ मिलिमीटर खाली जातो. १२ सेंटिमीटर खोल पाण्याचा तळ पंधरा सेकंदांत गाठतो. म्हणून पॉलिमर दिल्यावरही वाळू फिरती राहील इतका वेग ठेवावाच लागतो. तो शोधायला नुसत्या पाण्यात वाळू टाका, वेग हळूहळू उतरवा आणि तळाशी ती साचू लागली की त्या वेगाच्या जरा वरच थांबा. फ्लॉक तुटेल म्हणून घाबरू नका. पॉलिमरने बांधलेला फ्लॉक बराच मार सोसतो.

जास्तीचं पॉलिमर मात्र प्लांटवर महागात पडतं. हायड्रोसायक्लोनमध्ये (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारं यंत्र) गाळ आणि वाळू नीट सुटी होत नाहीत, वाळू गाळाबरोबर वाहून जाते, उरलेलं पॉलिमर पुढे फिल्टर चोंदवतं. जार न बघता ‘डोस वाढव’ म्हणणारा सीनियर कितीही अनुभवी असो, त्याचं लगेच ऐकू नका. तयार डोस-चार्टवरही माझा भरवसा नाही. पाणी रोज बदलतं. पीएच आणि क्षारता (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) आधी तपासा, १ मिलिग्रॅम अ‍ॅलम साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खातं.

पहिले काही जार बिघडतीलच, त्याने खचू नका. वेग जमला की फ्लॉकमध्ये वाळूचे कण चमकताना दिसतात, आणि स्टिरर थांबवल्यावर मिनिटभरात वरचं पाणी निवळतं.